पाठ १४ : मुरलीकांत पेटकर – सैनिक आणि जलतरणपटू

१४.० प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, यापूर्वीच्या पाठांत तुम्ही काही थोर व्यक्तींचा परिचय करून घेतला आहे. प्रस्तुत पाठात तुम्हांला भेटणार आहेत सांगली जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मलेले, देशासाठी लढताना जायबंदी झालेले आणि पुढे जलतरणाच्या तलावात भारताचा तिरंगा उंचावणारे मुरलीकांत राजाराम पेटकर. पॅरालिम्पिक स्पर्धेत भारताला पहिले सुवर्णपदक १९७२ मध्ये पेटकरांनी मिळवून दिले. मात्र या पराक्रमाची योग्य दखल घेतली जाण्यास सुमारे पंचेचाळीस वर्षे जावी लागली. एका माणसाच्या जिद्दीची आणि समाजाच्या विस्मरणाची अशी ही दुहेरी कहाणी आहे.

१४.१ उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• मुरलीकांत पेटकर यांच्या क्रीडाजीवनातील प्रमुख टप्पे क्रमाने सांगू शकाल;
• मुक्त शैली आणि उताणे पोहणे (बॅकस्ट्रोक) या प्रकारांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• पॅरालिम्पिक स्पर्धांचा उगम आणि हेतू थोडक्यात लिहू शकाल;
• एखाद्या कर्तृत्वाची उपेक्षा का होते, याविषयी स्वतःचे मत मांडू शकाल;
• पाठातील वाक्प्रचार व साधित शब्द यांचा योग्य उपयोग करू शकाल.

१४.२ मूळ पाठ

(१) तालमीपासून छावणीपर्यंत

सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात पेठ नावाचे गाव आहे. कृष्णा-वारणेच्या या परिसरात उसाचे मळे जितके दाट, तितकीच कुस्तीची परंपराही जुनी. येथून जवळच असलेल्या कऱ्हाड तालुक्यातील गोळेश्वर या गावच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होय. अशा मातीत १ नोव्हेंबर १९४४ रोजी मुरलीकांतांचा जन्म झाला. लहानपणी त्यांनाही कुस्तीचा नाद होता.

पुढे कोवळ्या वयातच ते सैन्यात दाखल झाले. सिकंदराबाद येथे ‘ई.एम.ई.’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दलात ते काम करू लागले. सैन्याची वाहने, शस्त्रे व यंत्रे यांची देखभाल आणि दुरुस्ती करणारे हे दल. तेथे कुस्तीची जागा मुष्टियुद्धाने घेतली. भक्कम खांदे, दमदार छाती आणि प्रतिस्पर्ध्याचा ठाव घेणारी नजर ही मुष्टियोद्ध्याची भांडवले त्यांच्यापाशी होती. पुढे हेच खांदे आपल्याला पाण्यात तारून नेणार आहेत, याची तेव्हा त्यांना कल्पना असणे शक्य नव्हते.

(२) युद्ध आणि रुग्णालय

१९६५ मध्ये भारत-पाकिस्तान युद्ध पेटले. या युद्धात पेटकरांना गोळ्या लागल्या आणि पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. प्राण वाचले, पण कमरेखालच्या भागातील शक्ती हरपली. ज्या तरुणाने आपली सारी ओळख शरीराच्या बळावर उभारली होती, त्याच्या वाट्याला विशीतच रुग्णालयाची खाट आली.

पाठीचा कणा हा केवळ हाडांचा खांब नव्हे. त्याच्या पोकळीतून जाणारा मज्जारज्जू मेंदूचे आदेश हातापायांपर्यंत पोहोचवतो. हा रज्जू जेथे दुखावतो, त्याच्या खालच्या भागाशी मेंदूचा संपर्क तुटतो. पायाचे हाड मोडले तर ते सांधता येते. परंतु तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत जोडण्याचा उपाय तेव्हा नव्हता आणि आजही हाती लागलेला नाही. म्हणून अशा रुग्णाच्या उपचारात ‘गेले ते परत कसे आणावे’ यापेक्षा ‘उरले आहे ते कसे वाढवावे’ हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

मुंबईच्या कुलाबा भागातील नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात पेटकरांवर उपचार झाले. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहण्याचा सल्ला देण्यात आला. पेटकर पाण्यात उतरले ते पदकासाठी नव्हे, तर शरीर सावरण्यासाठी.

पाठगत प्रश्न १४.१
१. पेटकर सैन्यातील कोणत्या दलात होते व ते दल कोणते काम करते?
२. मज्जारज्जूचे कार्य कोणते?
३. पेटकरांना पोहण्याचा सल्ला कशासाठी देण्यात आला?

(३) पाण्याचे शास्त्र

जमिनीवर खिळलेल्या माणसाला पाण्यात हालचाल करता येते, याचे कारण साधे आहे. पाणी आपल्यात बुडालेल्या वस्तूला वर उचलून धरते. मानेपर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला स्वतःच्या वजनाचा सुमारे एक-दशांश भारच पेलावा लागतो. जे पाय जमिनीवर शरीर तोलू शकत नाहीत, त्यांची उणीव पाण्यात कमी जाणवते. शिवाय प्रत्येक हालचालीला पाण्याचा विरोध होत असल्यामुळे स्नायूंना आपोआप व्यायाम घडतो.

पोहण्याच्या प्रमुख प्रकारांपैकी दोन येथे समजून घेऊ. उताणे पोहणे, म्हणजेच बॅकस्ट्रोक, या प्रकारात पाठ पाण्याकडे व तोंड आकाशाकडे असते. नाकतोंड पाण्याबाहेर राहते, त्यामुळे श्वास मोकळेपणाने घेता येतो. समोरची भिंत मात्र दिसत नाही. हातांच्या फेऱ्या मोजून किंवा तलावावर बांधलेल्या पताकांकडे पाहून अंतर जोखावे लागते. स्पर्धेत या प्रकाराची सुरुवात उडी मारून नव्हे, तर पाण्यातूनच भिंतीला धरून होते.

मुक्त शैली, म्हणजेच फ्रीस्टाइल, या प्रकाराच्या नावातच त्याचा नियम सांगितला आहे. पोहणाऱ्याने कोणतीही पद्धत वापरावी, अशी येथे मुभा असते. तरीही बहुतेक सर्व स्पर्धक पालथे होऊन, दोन्ही हात आळीपाळीने पुढे टाकत आणि मान बाजूला वळवून श्वास घेत पोहतात. कारण माणसाला ठाऊक असलेली सर्वांत वेगवान पद्धत हीच आहे.

या पद्धतीत पुढे जाण्याचा मोठा जोर हातांतून येतो. मग पायांचे काम काय? पाय मारल्याने वेगात भर पडतेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे कंबर आणि मांड्या पाण्याच्या पृष्ठभागाजवळ राहतात आणि शरीर एखाद्या होडीसारखे आडवे, सडपातळ होऊन पाणी कापत जाते. पायांत शक्ती नसली की ते खाली झुकतात आणि पाण्याला अडतात. अशा जलतरणपटूच्या हातांना दुहेरी काम करावे लागते. शरीर पुढे ओढायचे आणि मागे लोंबणाऱ्या पायांचा अडथळाही भरून काढायचा. मुष्टियुद्धाने घडवलेले पेटकरांचे खांदे येथे कामी आले. पूर्वायुष्यातील कष्ट वाया गेले नाहीत. त्यांनी केवळ वाट बदलली.

पाठगत प्रश्न १४.२
१. उताणे पोहताना अंतराचा अंदाज कसा घेतात?
२. मुक्त शैलीत पाय मारण्याचे दोन उपयोग कोणते?
३. पेटकरांच्या हातांना दुहेरी काम का करावे लागे?

(४) उपचारातून उगवलेली स्पर्धा

पेटकर ज्या स्पर्धेत पुढे चमकले, तिचा जन्मही एका रुग्णालयातच झाला होता. डॉ. लुडविग गुटमान हे जर्मनीतील ज्यू मज्जाविकारतज्ज्ञ. हिटलरच्या राजवटीत जगणे अशक्य झाल्यामुळे १९३९ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये आश्रय घेतला. १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात, कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी त्यांनी विशेष विभाग सुरू केला. अशा रुग्णांना तेव्हा जवळजवळ मृत्युपंथाला लागलेलेच समजले जाई. गुटमान यांनी त्यांच्या हाती चेंडू आणि धनुष्यबाण दिले.

२९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकचा प्रारंभ झाला त्याच दिवशी, गुटमान यांनी रुग्णालयाच्या आवारात सोळा रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. त्या छोट्या बीजाचा पुढे वृक्ष झाला. १९६० मध्ये रोम येथे ऑलिम्पिकपाठोपाठ झालेली स्पर्धा ही पहिली पॅरालिम्पिक मानली जाते. ‘पॅरालिम्पिक’ म्हणजे ऑलिम्पिकला समांतर असलेली स्पर्धा.

१९६८ ची पॅरालिम्पिक इस्राएलमधील तेल अवीव येथे भरली. या स्पर्धेत भारत प्रथमच सहभागी झाला. पेटकर तेथे टेबल टेनिस खेळले. पुढे १९७० मध्ये स्कॉटलंडच्या एडिंबरो शहरात झालेल्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ५० मीटर मुक्त शैलीत सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य अशी तीन पदके पटकावली. एकाच माणसाने पाण्यात आणि मैदानातही पदके मिळवावीत, ही गोष्ट त्याच्या सर्वांगीण तयारीची साक्ष देते.

परंतु अशा स्पर्धांना जायचे तर पैसा लागतो. त्या काळी अपंग खेळाडूंच्या पाठीशी उभी राहणारी राष्ट्रीय यंत्रणा आपल्याकडे नव्हती. अशा वेळी माजी कसोटी क्रिकेटपटू विजय मर्चंट पुढे आले. क्रिकेटमधून निवृत्त झाल्यानंतर त्यांनी अपंगांच्या कार्याला वाहून घेतले होते. त्यांच्या संस्थेच्या मदतीने पेटकरांच्या परदेशवारीचा खर्च भागला. एका खेळाडूने दुसऱ्या खेळाडूसाठी दार उघडले.

(५) हायडेलबर्ग, ऑगस्ट १९७२

१९७२ चे ऑलिम्पिक पश्चिम जर्मनीतील म्युनिक शहरात ठरले होते. पॅरालिम्पिकही तेथेच व्हावी, अशी अपेक्षा होती. मात्र म्युनिकमधील क्रीडाग्रामाचे रूपांतर लगेचच निवासी सदनिकांत करायचे असल्यामुळे ही स्पर्धा हायडेलबर्ग या विद्यापीठाच्या गावी हलवण्यात आली. २ ऑगस्टला तिचे उद्घाटन झाले. ज्या देशातून गुटमान यांना परागंदा व्हावे लागले होते, त्याच देशात त्यांनी सुरू केलेली स्पर्धा भरत होती.

पेटकर या स्पर्धेत तीन प्रकारांत उतरले : पोहणे, अचूक भालाफेक आणि चाकाच्या खुर्चीची अडथळ्यांची शर्यत. तिन्हींत त्यांनी अंतिम फेरी गाठली. पण इतिहास घडला तो तलावात. ५० मीटर मुक्त शैलीच्या शर्यतीत आपल्या गटात त्यांनी ३७.३३ सेकंदांची वेळ नोंदवली. तो जागतिक विक्रम होता आणि सुवर्णपदकही त्यांचेच होते.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घेण्यासाठी थोडे गणित करून पाहा. ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत म्हणजे सेकंदाला सुमारे १.३४ मीटर. धडधाकट माणूस रस्त्याने बऱ्यापैकी वेगाने चालतो, तो साधारण याच गतीने. जमिनीवर चालणे ज्यांना दुरापास्त झाले होते, त्या पेटकरांनी केवळ दोन हातांच्या बळावर, अडवणाऱ्या पाण्यातून, चालणाऱ्या माणसाची गती गाठली होती.

त्याच महिन्याच्या अखेरीस म्युनिकमध्ये ऑलिम्पिक सुरू झाले. तेथे अमेरिकेचा जलतरणपटू मार्क स्पिट्झ याने सात सुवर्णपदके जिंकली आणि त्याचे नाव जगभर दुमदुमले. एकच देश, एकच उन्हाळा. परंतु हायडेलबर्गच्या तलावातील विजयाचा प्रतिध्वनी पेटकरांच्या मायदेशातही फारसा उमटला नाही.

पाठगत प्रश्न १४.३
१. पहिली पॅरालिम्पिक स्पर्धा कधी व कोठे झाली असे मानतात?
२. एडिंबरो येथे पेटकरांनी कोणती पदके मिळवली?
३. १९७२ ची पॅरालिम्पिक म्युनिकऐवजी हायडेलबर्ग येथे का झाली?

(६) विस्मरणाची वर्षे

सुवर्णपदक घेऊन पेटकर परतले आणि पुण्यातील ‘टेल्को’ कारखान्यात नोकरी करू लागले. खेळाडूच्या कर्तृत्वाचा गौरव करण्यासाठी १९६१ पासून देशात अर्जुन पुरस्कार दिला जात होता. १९८० नंतरच्या काळात पेटकरांनी त्यासाठी अर्ज केला. पण तो मान्य झाला नाही.

असे का घडले असावे? १९७२ मध्ये अपंगांच्या खेळांकडे खेळ म्हणून पाहण्याची दृष्टीच समाजात रुजलेली नव्हती. तो उपचाराचा, फार तर करमणुकीचा भाग समजला जाई. जिंकणाऱ्याबद्दल कौतुकापेक्षा दया अधिक असे. वृत्तपत्रांत अशा स्पर्धांना जागा नव्हती, घरोघरी दूरदर्शन संच नव्हते. कागदोपत्री नोंद ठेवून खेळाडूची बाजू मांडणारी संघटनाही नव्हती. पदक होते, विक्रम होता. पण त्यांचे महत्त्व सांगणारा आवाज नव्हता.

मधल्या काळात परिस्थिती हळूहळू पालटली. १९९५ मध्ये अपंग व्यक्तींना समान संधी देणारा कायदा संसदेने संमत केला. २०१६ मध्ये त्याची जागा अधिक व्यापक कायद्याने घेतली. शासकीय व्यवहारात ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला. पॅरालिम्पिकमध्ये भारताला दुसरे सुवर्णपदक मिळाले ते २००४ मध्ये, अथेन्स येथे, देवेंद्र झाझरिया यांच्या भालाफेकीतून. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या सुवर्णपदकांत तब्बल बत्तीस वर्षांचे अंतर होते. दुसरे पदक आल्यावर ‘मग पहिले कोणाचे?’ हा प्रश्नही विचारला जाऊ लागला.

(७) सन्मान

अखेर २०१८ मध्ये भारत सरकारने मुरलीकांत पेटकर यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरवले. २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावर आधारित ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि नव्या पिढीला त्यांचे नाव कळले. १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्यांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार देण्यात आला. ऐंशी वर्षांचे पेटकर कुबडीच्या आधाराने पुढे आले, तेव्हा सभागृहातील टाळ्यांचा कडकडाट बराच वेळ थांबला नाही. विक्रमापासून त्या टाळ्यांपर्यंत बावन्न वर्षे उलटली होती.

पेटकरांनी दाखवलेली वाट आता ओस नाही. करमाळ्याचे सुयश जाधव यांनी दोन्ही हात गमावल्यानंतरही पोहण्यात आंतरराष्ट्रीय यश मिळवले. दृष्टिहीन कांचनमाला पांडे यांनी २०१७ मध्ये मेक्सिको येथील जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. कोल्हापूरचे स्वप्नील पाटील यांनी २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत पदके मिळवली. त्यांची ओळखच मुक्त शैली आणि उताणे पोहणे या दोन प्रकारांशी जोडलेली आहे. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये भारताने सात सुवर्णपदकांसह एकूण एकोणतीस पदके जिंकली. त्यांतील गोळाफेकीचे एक रौप्यपदक सांगली जिल्ह्याच्याच सचिन खिलारी यांचे होते. पेठ गावच्या सैनिकाने लावलेल्या दिव्यावरून असे अनेक दिवे उजळले.

पाठगत प्रश्न १४.४
१. पेटकरांच्या पदकाची दखल न घेतली जाण्याची कोणतीही दोन कारणे लिहा.
२. पॅरालिम्पिकमधील भारताचे दुसरे सुवर्णपदक कोणी व केव्हा मिळवले?

१४.३ शब्दार्थ

जायबंदी – जखमी होऊन निकामी झालेला
मज्जारज्जू – पाठीच्या कण्यातून जाणारा मज्जातंतूंचा दोर
जोखणे – अंदाज घेणे, पारखणे
परागंदा होणे – देश किंवा गाव सोडून निघून जावे लागणे
दुरापास्त – मिळण्यास किंवा साधण्यास अत्यंत कठीण
उपेक्षा – दुर्लक्ष

वाक्प्रचार
दखल घेणे – लक्ष देणे, महत्त्व ओळखणे
हाती लागणे – सापडणे, मिळणे
कामी येणे – उपयोगी पडणे
वाहून घेणे – पूर्णपणे समर्पित होणे
वाट्याला येणे – भोगावे लागणे, मिळणे

१४.४ भाषाभ्यास

‘जलतरणपटू’ हा शब्द पाहा. जल + तरण + पटू अशी त्याची फोड होते. ‘पटू’ म्हणजे निपुण, कुशल. हे पद दुसऱ्या शब्दाच्या शेवटी येऊन ‘त्या विद्येत किंवा खेळात प्रवीण’ असा अर्थ देते. उदा. क्रीडापटू, धावपटू, क्रिकेटपटू. शेवटच्या उदाहरणात मूळ शब्द इंग्रजी असूनही मराठी भाषेने तो सहज आपलासा केला आहे.

पुढील दोन वाक्ये वाचा.
(अ) पदक होते, विक्रम होता. पण त्यांचे महत्त्व सांगणारा आवाज नव्हता.
(आ) पदक आणि विक्रम असूनही त्यांचे महत्त्व सांगणारा आवाज नव्हता.
पहिले वाक्य संयुक्त आहे. ‘पण’ या न्यूनत्वबोधक अव्ययाने त्याचे भाग जोडले आहेत. दुसरे वाक्य केवल आहे. अर्थ तोच राहिला, तरी पहिल्या वाक्यातील खंत अधिक ठळक जाणवते. रचना बदलली की भावाची छटा कशी बदलते, हे लक्षात घ्या.

१४.५ तुम्ही काय शिकलात

• मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जायबंदी झाले आणि उपचार म्हणून पोहू लागले.
• १९७० मध्ये एडिंबरो येथे त्यांनी तीन पदके, तर १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे जागतिक विक्रमासह सुवर्णपदक मिळवले.
• कण्याला इजा झालेल्या सैनिकांच्या उपचारातून पॅरालिम्पिक चळवळ उभी राहिली.
• खेळाकडे पाहण्याची समाजाची दृष्टी बदलल्यानंतरच २०१८ मध्ये पद्मश्री आणि २०२५ मध्ये अर्जुन पुरस्कार त्यांना लाभला.

१४.६ स्वाध्याय

१. ‘पूर्वायुष्यातील कष्ट वाया गेले नाहीत, त्यांनी केवळ वाट बदलली’ हे विधान पेटकरांच्या जीवनाच्या आधारे स्पष्ट करा.
२. दया आणि सन्मान यांत तुम्हांला कोणता फरक वाटतो? पाठाच्या आधारे आठ-दहा ओळींत लिहा.
३. ‘जीवनात एकदा अर्धवट सुटलेली गोष्ट पुन्हा सुरू करता येते’ याविषयी स्वतःच्या किंवा परिचयातील व्यक्तीच्या अनुभवावरून एक परिच्छेद लिहा.
४. ‘पटू’ हे पद लावून आणखी दोन शब्द तयार करा व वाक्यांत उपयोग करा.
५. उपक्रम : तुमच्या गावातील किंवा वस्तीतील शाळा, बँक, बसस्थानक यांपैकी एका ठिकाणी जा. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तीला तेथे एकट्याने आत जाता येईल का, ते पाहून पाच ओळींत टिपण लिहा.

१४.७ पाठगत प्रश्नांची उत्तरे

१४.१ – १. ई.एम.ई.; सैन्याची वाहने, शस्त्रे व यंत्रे यांची देखभाल आणि दुरुस्ती. २. मेंदूचे आदेश हातापायांपर्यंत पोहोचवणे. ३. शरीर सावरण्यासाठी, उपचाराचा भाग म्हणून.

१४.२ – १. हातांच्या फेऱ्या मोजून किंवा पताकांकडे पाहून. २. वेगात भर पडते. कंबर व मांड्या पृष्ठभागाजवळ राहतात. ३. शरीर पुढे ओढण्याबरोबरच पायांमुळे होणारा अडथळाही भरून काढावा लागे.

१४.३ – १. १९६० मध्ये, रोम येथे. २. मुक्त शैलीत सुवर्ण, भालाफेकीत रौप्य, गोळाफेकीत कांस्य. ३. म्युनिकमधील क्रीडाग्रामाचे निवासी सदनिकांत रूपांतर करायचे होते म्हणून.

१४.४ – १. अपंगांच्या खेळांना खेळ मानले जात नव्हते. वृत्तपत्रांत अशा स्पर्धांना जागा नव्हती. खेळाडूची बाजू मांडणारी संघटना नव्हती (यांपैकी कोणतीही दोन). २. देवेंद्र झाझरिया यांनी, २००४ मध्ये.